घटाची माती

२२ सप्टें., सोमवार
घट बसले. सकाळी परडी घेऊन शेतात गेलो आणि नाल्याकडच्या कोपऱ्यातली माती आणली. बाबा होते तेव्हापासून घटाला माती तिथलीच. मऊ, काळी, मुठीत धरली की सोडवत नाही.
वास मात्र होता. डांबरगोळ्यांच्या कपाटासारखा. कोपऱ्याला लागून ते बंद पडलेलं फवारणीच्या औषधांचं गोदाम. यंदाच्या पावसात त्याची मागची भिंत बसली आणि सडलेल्या पिंपांतलं पाणी बांधावरून आमच्यात आलं. प्रदूषण मंडळाचे साहेब गेल्या महिन्यात मातीचा नमुना घेऊन गेलेत, रिपोर्ट यायचाय. सगळं ठाऊक असून परडी भरली. पाय आपोआप तिकडेच वळले, दुसरं काही कारण नाही.
मायनं विचारलं, "कोपऱ्यातली आणली नं?"
"हाव."
तिनं हातानं ढेकळं फोडली, गहू पेरले, पाणी शिंपडलं.

२५ सप्टें.
कोंब आले. पांढरे, टाचणीएवढे. माय देवघरापुढेच आडवी होते, उठून बसते, गव्हाशी बोलते. दुपारी माझाही डोळा लागला. स्वप्नात शेत चालत घरात आलं आणि माझ्या शेजारी चटईवर टेकलं. दमलेलं वाटत होतं.

२७ सप्टें.
रिपोर्ट आला. साहेबांनी फोनवर वाचून दाखवला. जुनं कीटकनाशक, बंदी आलेलं. कोपऱ्यातली दोन फूट माती खणून काढायची, नागपूरकडे विषारी कचऱ्याची जागा आहे तिथं पुरायची. खर्च सरकारचा. "हात लावू नका, भाजी घेऊ नका." विहिरीचं पाणीही तपासणार.
सौ.ला सांगितलं. घटाचं नाही सांगितलं.
माझा स्वभावच असा. वाईट बातमी खिशात घालून गावभर हिंडायचं.

२९ सप्टें.
खोदाई. माणसं पांढऱ्या कपड्यांत, तोंडाला मास्क, लांबून ढगच शेतात उतरल्यासारखे. माती मोठमोठ्या पिशव्यांत भरून तोंडं बांधली; ट्रक दसरा झाल्यावर नेणार. बाबांनी तीन उन्हाळे बैलगाडीनं तलावाचा गाळ आणून हा कोपरा केला होता. चार तासांत निघाला.
घरी आलो तर गहू वीतभर. इतका हिरवा कधीच नव्हता. माय खूश. "पाह्य बरं, औंदा धन कसं तरारून आलं! देवी पावली आपल्याले."
मी चहा मागितला.

३० सप्टें., अष्टमी
साहेबांनी कागदावर सही घेतली. 'पिशव्यांत भरली त्याखेरीज दूषित माती जागेवर वा अन्यत्र शिल्लक नाही.' अन्यत्र या शब्दावर पेन जरा थांबलं. मग केली सही.
दसऱ्याला माय सगळ्यांच्या कानावर घटातलं धन खोवते. घटाची माती मेथीच्या पहिल्या वाफ्यात पसरते आणि ती मेथी आधी घरात खातो, मग बाजार. दरवर्षीचं आहे.
परवा दसरा.

१ ऑक्टो., नवमी
सांगितलं. शेवटची माळ चढवून झाल्यावर.
मायनं गव्हावरचा हात मागे घेतला. मग म्हणाली, "तुले ठाऊक होतं?"
"वास आला होता."
"मंग मले काऊन नाही सांगतलं बे? नऊ दिवस ह्या हातानं पाणी घालून राह्यली मी!"
हात पुढे केले तिनं. मी ते साबणानं धुतले, तीनदा. लाज वाटली, फार लाज वाटली. ती लहान पोरीसारखी हात धरून बसली होती.

२ ऑक्टो., दसरा
आपट्याची पानं दिली-घेतली. कानावर धन कुणाच्याच नाही. लोक विचारत होते, माय म्हणे, "औंदा नाही उगवलं." आणि आत देवघरात एवढा हिरवागार गहू, तिनं त्यावर साडी टाकून ठेवलेली.
संध्याकाळी मला म्हणाली, "ट्रक उद्या येते नं? परडी मी घेऊन येतो. देवी अशी एकटी नाही पाठवायची."
समजावलं. नाही ऐकलं.

३ ऑक्टो.
उजाडताच निघालो. ड्रायव्हर आधी नाहीच म्हणत होता. मग मायचं तोंड पाहून म्हणाला, "चढा मायबाई, पण कोणाले सांगू नका." स्टुलावरून चढवली. परडी प्लास्टिकच्या पिशवीत, तिच्या पायाशी. रस्त्यानं दोन्हीकडे सोयाबीन पिवळं. मागे आमचा कोपरा येत होता. एवढं लांब शेत कधी फिरायला गेलं नव्हतं, असलं काहीतरी मनात येत होतं. मधे झोपही लागली.
दुपारी पोचलो. तलावाएवढा खड्डा, तळापासून काठापर्यंत काळं जाड प्लास्टिक. कुठल्या कुठल्या गावांची, कारखान्यांची माती शेजारी शेजारी. प्रत्येकीला नंबर. पाखरू नाही, गवताची काडी नाही. सगळं इतकं शांत की माय कुजबुजत बोलू लागली.
तिथल्या माणसाला म्हणाली, "किती दिवस ठेवता?"
"कायमची, आजी. वरून पण झाकतो."
"अन् पाणी?"
"पाण्याचा थेंब लागू देत नाही."
माय माझ्याकडे वळली. "पाण्याबिना माती, रे?" एवढंच.
परडी तिनं स्वतः उपडी केली, माणूस नको म्हणत असताना. काळ्या प्लास्टिकवर गव्हाची हिरवी वडी. मग उठून पदर सावरला, त्याला गाठ मारली. सुपारी असेल म्हटलं.

५ ऑक्टो.
काल एसटीनं परत. माय झोपूनच आहे, अंगात कणकण. डॉक्टर म्हणाले, प्रवासाचं. तरी तिचे हात दहादा पाहिले.

७ ऑक्टो.
शेतातल्या कोपऱ्याचा खड्डा भरायला तलावातला गाळ आला. चार ट्रॉल्या. ओला, थंड, शेवाळाच्या वासाचा. नवीन मातीचा नमुना न्यायला साहेब सोमवारी येणार. चांगला निघाला तर मेथी टाकायला परवानगी. नाहीतर वर्षभर पडीक.
माय बरी. भाकर खाल्ली. पदराची गाठ अजून तशीच, साडी बदलली तरी नव्या पदराला पुन्हा मारलेली. सुपारी माय खात नाही, हे मला आज आठवलं.
उद्या विचारतो.

९ ऑक्टो.
काल विचारलं नाही.
आज दुपारी शेतात गेलो तर माय आधीच तिथं. एकटीच चालत आलेली. भरलेल्या खड्ड्याच्या मधोमध उकिडवी बसून हातानं गाळ सारखा करत होती. ऊन कोवळं, पाखरं उतरलेली.
"काय करून राह्यली माय?"
"काही नाही. नव्या मातीले जुनीची ओळख लागते."
घरी येताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. पदर वाऱ्यावर मोकळा उडत होता, गाठ नव्हती.
सोमवारच्या नमुन्याला चार दिवस आहेत. साहेबांचा नंबर काढून ठेवलाय.