रविवारच्या बंद शेडमध्ये

गुरु. ५ फेब्रु.
संपादकांचा फोन. ‘तुमच्या जयपुरात चोरून रेव्ह पार्ट्या चालतात म्हणे. पत्त्यासकट लेख पाठवा.’ जेवताना विषय काढला. मुक्ताचा, आमच्या कन्येचा, घास अडला. "बाबा, मतलब... तिथे म्युझिक मीच वाजवते." सौ.च्या हातून आमटी सांडली. मला वाटत होतं, पोरगी रविवारी ऑफिसचं काम करते.

शुक्र. ६
मु.ची अट. यायचं, लिहायचं, पण जागा छापायची नाही. "छापलंत तर कारखान्याचा मालक शेड देणार नाही. सगळं बंद होईल, बाबा." कबूल केलं. संपादकांना कळवलं नाही.

रवि. ८
पत्ता सकाळी फोनवर आला. सीकर रोडवरचं विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र. सुट्टीमुळे आजूबाजूचे कारखाने बंद. भर दुपारी रेव्ह!
दारातल्या मुलीने माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवली. "अंकलजी, अंदर ना फोटो, ना पूछताछ." माझ्या मुंजीतही इतकं सोवळं नव्हतं. सवयीने चपला काढल्या. पोरं चमकली, मग एकेकाने बूट काढले. नवा विधी असाच सुरू होत असावा.
आत काळे पडदे, गंजाचा वास, ठोके थेट छातीत. मंत्र नाही, देव नाही. आवर्तनं मात्र माझ्या लहानपणच्या वेदपाठशाळेतलीच. सगळे स्पीकरकडे तोंड करून. टेबलामागे मु., डोळे मिटलेले. मधेच तिने आवाज तोडला. सगळ्यांचा श्वास ऐकू आला. पुन्हा ठोका.
नशा? मला लिंबू सरबत दिसलं. न दिसलेल्याची बातमी देत नाही.
मीही हललो. किती, ते इथेसुद्धा लिहिणार नाही.

मंगळ. १०
लेख पाठवला. जागा गाळून.

बुध. ११
संपादक : ‘हे कीर्तन झालं. पत्ता कुठाय?’
‘शब्द दिलाय.’
‘बंद कारखाने, गंज... सीकर रोडच ना?’
मी गप्प बसलो. ‘समजलो,’ म्हणाले आणि फोन ठेवला. गप्प बसण्याचा अर्थ काय घ्यावा, यावर संस्कृतात वचन आहे. आज ते नको.

गुरु. १२
संध्याकाळी मु. वायरी गुंडाळत होती. "लेख कधी येतोय?"
"उद्या."
"जागा नाही ना?"
"मी लिहिलेली नाही."
"थँक्यू, बाबा." गुणगुणायला लागली.
छपाईला अजून थोडा वेळ आहे. संपादक फोन उचलत नाहीत. पुन्हा लावतो.