वस्तीच्या विहिरीवर लावायच्या शब्दाबाबत

मी, सविता बन्सीलाल बिऱ्हाडे, वय अडुसष्ट, निवृत्त वृत्तसंपादक, राहणार जळगाव, हे मृत्युपत्र माझ्याच अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दबाव होता. तो बाजूला सारूनच लिहायला बसले.

ताजी माहिती अशी. गावच्या सुशोभीकरण समितीने विहिरीसाठी दोंडाईच्याला कोरून घेतलेला फलक आज दुपारी आमच्या गावी पोचला असून ग्रामपंचायतीच्या खोलीत झाकून ठेवला आहे. वस्तीतले भिकन तायडे यांनी कापड उचलून तो वाचला आणि मला फोनवर खात्री दिली. शब्द बदललेला नाही. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. ही तारीख समितीलाही ठाऊक आहे.

१. जळगावचा फ्लॅट व बँकेतील शिल्लक माझी भाची करुणा हिला द्यावी. ती धुळ्याला वकिली करते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी.

२. माझे सर्व शब्दकोशही करुणाला. त्यांत 'इतिहास' या शब्दापुढे बरेच शब्द एका ओळीत दिले आहेत, जणू हाताला येईल तो उचलावा. बातमीच्या टेबलावर तसे चालत नाही. बखर त्याची, ज्याच्या पदरी लिहिणारा होता. वृत्तांत त्या सभेचा, जिथे आपला वार्ताहर हजर होता. हकीकत बरोबरीच्या माणसाला सांगता येते, कैफियत मात्र वरच्यापुढे मांडावी लागते. आमच्याकडे पुढाऱ्याची 'वाटचाल' छापली जायची आणि आमच्या वस्तीतल्या पोराचे 'पूर्ववृत्त'. मी एकदा दोघांना एकच शब्द लावला, तेव्हा संपादकांनी मला बाजारभावाच्या पानावर बसवले. त्या गृहस्थांसाठी या मृत्युपत्रात काही नाही.

३. आता मुख्य बाब. गावातील वस्तीलगतचा प्लॉट व त्यातील विहीर वडिलांच्या बक्षीसपत्राने माझ्या मालकीची आहे. वडील भुसावळला रेल्वेत होते. बहात्तरच्या दुष्काळात गावविहिरीवर वस्तीच्या बायकांचे हंडे फोडले गेले, तेव्हा त्यांनी ही जागा मोकळी करून दिली आणि वस्तीने विहीर खोदली. मी त्या वेळी भुसावळला शाळेत होते. डोळ्यांनी पाहिले नाही, म्हणून माझा शब्द पुरावा म्हणून धरू नये.

समितीच्या फलकावर मात्र असे कोरले आहे : 'आख्यायिका. पूर्वी येथे पाण्यावरून काही वाद झाल्याचे सांगतात.' समितीचे प्रमुख निंबा गुरुजी यांना मी गावच्या बैठकीत विचारले.

"इतिहास म्हटलं की पुरावा लागतो, ताई," गुरुजी म्हणाले. "आख्यायिका म्हटलं म्हणजे कोणाला टोचत नाही."

"गढीच्या फलकावर तुम्ही 'इतिहास' कोरलंय. तिथं काय पुरावा आहे?"

"ते आमच्या आजोबांनी सांगितलेलं आहे."

दाराशी लिलाबाई तायडे बसल्या होत्या. खोदकामाच्या वर्षी त्या नव्याने लग्न होऊन वस्तीत आल्या होत्या आणि विहिरीतली ओली माती त्यांनी वाहिली होती. त्या तिथूनच म्हणाल्या, "बठ्ठा गारा मी डोकावर लई गऊ. आते मी काय गोष्टमानी बाई शे का, गुरुजी?"

गुरुजींनी सगळ्यांसाठी चहा मागवला.

फलक लावायला मी लेखी नकार दिला आहे. त्यानंतर गुरुजी माझा भाचा संघपाल याला भेटले. "आत्याला आजारपणात त्रास नको," म्हणाले. "थोडं थांबू. पुढं सही तुझीच लागणार आहे." हे मला संघपालनेच सांगितले, याची नोंद असावी. तो असेही म्हणाला, "आत्या, तू जळगावले राहस. माले रोज त्याच चौकमातून जानं पडस." त्याचे म्हणणे खोटे नाही. त्याची मुले त्याच शाळेत जातात. तो भित्रा आहे असे माझ्यामागे कोणी म्हणू नये.

तरीही अट घालते. प्लॉट व विहीर संघपालला मिळेल. मात्र तेथे लागणाऱ्या कोणत्याही फलकावर 'इतिहास' हाच शब्द हवा, हंडे फुटल्याचे स्पष्ट लिहिलेले हवे आणि खोदणाऱ्यांची नावे हवीत. दुसऱ्या मजकुराला त्याने संमती दिल्यास ही मिळकत करुणाकडे जाईल. फलकच लावायचा नसेल तर माझी हरकत नाही.

४. लिलाबाईंना मी काहीही देत नाही. आज त्या जळगावला आल्या, तेव्हा हे कलम मी त्यांना वाचून दाखवले. त्या रागावल्या.

"माले एक लुगडं बी नही?"

"अक्का, ज्याला काही मिळतं, त्यानं मृत्युपत्रावर साक्षीदार राहायचं नसतं."

"मंग नको लुगडं. अंगठा कोठे लावू, ते दाखाड."

आख्यायिका हा शब्द आम्ही साक्षीदार उरला नसेल तिथे वापरायचो. इथे साक्षीदार आहे. खोदकामाविषयी त्यांनी सांगितलेले सर्व करुणाने लिहून घेतले असून ते या मृत्युपत्राला परिशिष्ट म्हणून जोडले आहे.

५. उद्या मंगळवारी दुय्यम निबंधक कार्यालयात याची नोंदणी होईल. गुरुवारी शस्त्रक्रिया. त्यातून उठले तर समितीशी मीच बोलेन. न उठल्यास समितीचे लोक संमतिपत्र घेऊन संघपालच्या घरी येतील, बहुधा माझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीचीही वाट न पाहता. संघपाल, त्यांना खुर्च्या दे, चहा दे. कागद पुढे आला की आधी लिलाबाईंना बोलावून घे.

मृत्युपत्र करणार : सविता बन्सीलाल बिऱ्हाडे (सही)

आम्हा दोघांसमोर सही झाली व आम्ही त्यांच्यासमोर निशाणी व सही केली :

१. लिलाबाई चिंधा तायडे, डाव्या हाताचा अंगठा
२. रविंद्र समाधान सपकाळे, शेजारी, जळगाव (सही)

जळगाव, सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५