आतून कडी लागणारी खोली

४ मार्च
आज मालकांनी मला पुढे काउंटरवर बसवलं. तिथली बाई सुट्टीवर. मी आपली मागच्या खोलीत कवळ्या घासणारी — दिवसभर यंत्राची घरघर, कुणाशी बोलायला नको. एक आजोबा आले. "माझी कवळी झाली का?" एवढंच विचारलं! मी नुसत्या पावत्या चाळत राहिले. शेवटी मालकच आले. "दात बनवते, पण स्वतःचे दाखवत नाही." सगळे हसले. आजोबासुद्धा — बोळक्या तोंडाने!
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

५ मार्च
बाबांनी जेवताना ताट भिरकावलं. मीठ जास्त झालं होतं. आईने आणि मी फरशी पुसली.

९ मार्च
मैत्रिणीचा फोन. बारा तारखेला तळ्याच्या गावी दोघी जाणार होतो. किती हो-नाही करून बाबांनी परवानगी दिली होती! "अगं, पुढच्या महिन्यात ऑफिसातल्या मुलींचं ठरलंय, त्यांच्याबरोबर जातेय. रागावलीस?"
"छे गं."
मग नळ सोडून रडले. माझ्यासारख्या घुमीला कोण बरोबर नेणार?
घरी सांगितलं नाही.

१२ मार्च
बसमध्ये बसलेय. एकटी! हौस म्हणून नाही — आता जात नाही म्हटलं तर ‘मग विचारलंस कशाला’ म्हणून बाबा काय करतील, या धास्तीने. शेजारच्या बाईंनी विचारलं, "एकट्याच?" मी मान हलवली. "बरंय," म्हणाल्या आणि डुलक्या घ्यायला लागल्या. बस्स. एवढंच!

१३ मार्च
तळ्याकाठी चालत सुटले. रस्ता चुकले. एका सायकलवाल्याला हाक मारून विचारलं — मी! त्याला कुठे ठाऊक मी घुमी आहे ते? इथे कुणालाच ठाऊक नाही.
खाणावळीत पलीकडच्या टेबलावर ग्लास पडून फुटला. मी ताडकन उभी. वेटर म्हणाला, "बसा बसा, काही नाही झालं."
काही नाही झालं! जेवण गार होईपर्यंत तेच मनात घोळवत बसले.
खोलीला आतून कडी आहे. लावली. काढली. परत लावली.
मला हे आवडतंय. फार आवडतंय.

१५ मार्च
घरी. माझ्यामागे बाबांना मैत्रीण रस्त्यात भेटली होती. सगळं कळलं. "एकटी हिंडत होतीस? कुणाला विचारून?" पुढचं लिहवत नाही. गाल सुजलाय.
आता फक्त कामावर जायचं आणि घरी यायचं. संपलं.

१७ मार्च
दिवसभर घासत होते. तळं डोळ्यांपुढे आणायला गेले, येईना. इतक्यात विसरले? त्यापेक्षा गेलेच नसते तर बरं होतं. आपल्याकडे काय नाही ते तरी कळलं नसतं.
भांडी आवरताना आईने हळूच विचारलं, "तिथे खोलीला आतून कडी होती?"
"हो."
"बरं."

१९ मार्च
काही नाही. कवळ्या. घर. जीव नकोसा झालाय.

२२ मार्च
बाबा बाहेर पडल्या पडल्या आई माझ्याजवळ येऊन बसली. "बसचं तिकीट कसं काढतात गं? मला एकटीला जायचंय."
"जायचं-यायचं काढू?"
"नुसतं जायचं."