रिकामी बाटली

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी भाची, आपली ठकी, पुन्हा तापाने पडली. महिन्यात दुसऱ्यांदा. लघवीला जळजळतं म्हणून रडते, डोकं धरून बसते. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणी कमी पडतंय. मला रागच आला. रोज लिटरभराची बाटली भरून देते मी, आणि ती शाळेतून कोरडी ठणठणीत परत येते. दारातच उलटी करून बघते आणि शाबासकीही देते. मग पाणी जातं कुठे?

मूत्रपिंडाची तपासणी केली आहे, निकाल यायचा आहे. तिथे काही निघालं तर, या विचाराने कारखान्यात शिलाई वाकडी जाते. तू दवाखान्यातली नर्स, काय ते सांग. उत्तराला उशीर करू नकोस, एवढी माया कर.

तुझी,
धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

निकाल हातात येताच कळव. तोवर ठकीला किती पाणी पितेस हे विचारूच नकोस. शाळेतला संडास कसा आहे, ते विचार. आणि रागावू नकोस. तेरा वर्षांची पोर या गोष्टी आपण होऊन सांगत नाही. तूही सहलीला निघताना आदल्या दिवसापासून पाणी पिणं सोडायचीस, शहाणे!

आणखी एक. त्या शिलाईच्या कारखान्यात तू स्वतः दिवसभरात किती पाणी पितेस? मागे आलीस तेव्हा ओठ फुटलेले होते. या प्रश्नाला बगल दिलीस तर तिथे येऊन कान धरीन.

तुझ्यावर रागावणारी आणि जीव लावणारी,
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निकाल चांगला आला. मूत्रपिंडाला काहीही झालेलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. तिथेच दवाखान्यातल्या बाकावर बसून मी रडून घेतलं.

तू सांगितलंस तसं विचारलं. शाळेत मुलींच्या संडासाची कडी तुटलेली. एकीने बाहेरून दार धरायचं, मग दुसरीने आत जायचं. हिची दार धरणारी मैत्रीण रुसली, तेव्हापासून ठकीबाईंनी पाणी पिणंच सोडलं. आणि मी बाटली तपासते म्हणून सगळं पाणी शाळेच्या फाटकाजवळच्या कुंडीत! ते झाड मात्र असलं तरारलंय की बघत राहावं. मी मुख्याध्यापिकांना भेटले. ठकीचे बाबा सुतारच, ते लगेच हत्यारं घेऊन गेले आणि कडी बसवून आले. ताप उतरला, पोर पुन्हा उड्या मारते.

आता तुझा प्रश्न. कारखान्यातल्या संडासाची किल्ली मुकादमाकडे असायची. सगळ्यांदेखत मागायची लाज वाटायची, म्हणून सकाळच्या चहावर मी संध्याकाळ गाठायचे. आणि घरी मीच ते मोठ्या तोऱ्यात सांगायचे गं! ठकी म्हणाली, आईला जमतं तर मलाही जमेल असं तिला वाटलं. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही अकरा जणी मिळून मुकादमासमोर उभ्या राहिलो. किल्ली आता आमच्या खोलीतल्या खिळ्यावर असते.

मीही बाटली नेते. संध्याकाळी ठकी दारातच ती उलटी करून बघते. पण शाबासकी देत नाही. कुठे ओतलीस, म्हणून विचारते.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
धाकटी