उकरलेली पायवाट

४ मे, शनिवार
पुन्हा कचरा! काराकोल शहरातली माणसं दरीतल्या उद्यानात येतात, कबाब झोडतात, बाटल्या फेकून जातात — आणि दर शनिवारी उचलायच्या आम्ही. फुकट. मी आलो तो फक्त छपरासाठी. ओशमध्ये टिकलो नाही, बिश्केकच्या बाजारात टिकलो नाही. इथे चौकीदाराची खोली मिळालीय.

ती दिली तोक्तोसुननं. स्वयंसेवकांचा म्होरक्या. सगळे त्याला 'बाइके' म्हणतात, म्हणजे थोरला भाऊ. कसला भाऊ! आज चारचौघांत ओरडला — "नान कचऱ्याच्या पोत्यात? आईनं हेच शिकवलं का रे तुला?" अहो, घाईत हात गेला! नान फेकायचा नसतो, तेवढं मलाही कळतं.

शिक्षा म्हणून आता रोज उष्टे नान वेचायचं काम माझं. वेगळी पिशवी. प्रत्येक तुकडा झटकायचा, कपाळाला लावायचा आणि वळणावरच्या उंच खडकावर ठेवायचा. पाखरांसाठी.

११ मे
गेल्या शनिवारी आम्ही पायवाटेवर रचलेल्या दगडी पायऱ्या कुणीतरी उकरल्यात! त्याच वळणावर. सगळे म्हणाले, घोडे.

घोडे म्हणजे बकास. पर्यटकांना फिरवतो. सोन्याचा दात. आल्या दिवशीच पाहुण्यांसमोर मला म्हणाला होता, "लीदसुद्धा उचलतोस? मग माझ्या घोडीशी लग्नच कर, घर तरी मिळेल." सगळे खिदळले. म्हणून आज सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो — घोड्यांनीच!

"माझी जनावरं ही वाट चढतच नाहीत," बकास म्हणाला. "खालून ओढ्यानं जातात. खुरांचे ठसे दाखवा की!"

कुठून दाखवणार? पावसानं सगळे ठसे धुऊन गेले होते.

१२ मे
बूट फाटला. त्यातही बकासचाच हात असणार.

१८ मे
पुन्हा उकरली. शेजारच्या पायऱ्यासुद्धा. बाइके उद्यानाच्या कार्यालयात जाऊन आले. साहेब म्हणाले, पाहिलेला साक्षीदार आणा, दरीत घोड्यांना बंदी घालतो. पंचवीस तारखेला बैठक.

बकासकडे चार घोडे, तीन मुली, दुसरं काही नाही. बरं झालं! हिंडू दे आता माझ्यासारखा.

२२ मे
पहाटे उठून वर गेलो होतो ते एका हुदहुदाच्या मागे. तुरा उभारून हा पक्षी पुढे पुढे पळतो, वाटतं आत्ता हातात येईल. नाही येत. पाठलाग करता करता वळणावर पोचलो — आणि पाहिलं.

रानडुकरं! एक मादी, पाच पिल्लं. खडकावर कावळे भांडत होते, तुकडे खाली पडत होते, पायऱ्यांच्या फटीत जात होते. आणि ही मंडळी नाक घालून दगड उलथत होती.

कपाळाला लावून ठेवलेला नान. माझ्या हातचा. आणि खातंय कोण — डुक्कर! शरम वाटली. मग हसू आलं. मग बकासचं आठवलं आणि हसू गेलं.

२३ मे
बाइकेंना सांगितलं. चहा पीत होते. मान वर केली नाही.

"तीस वर्षं शिकार केली मी. डुकराचं नाक कुठे लागलंय ते ओळखत नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"डुकरांना बंदी घालता येत नाही. घोड्यांना येते. इतकी वर्षं त्या बकासच्या घोड्यांची लीद तुडवतोय मी." लोण्याची वाटी माझ्याकडे सरकवली. "उद्या नान तिथेच ठेव. खोली हिवाळ्यातही तुझीच."

नीच म्हातारा! लोणी मात्र खाल्लं. ताजं होतं.

२४ मे
ठेवला.

२५ मे
बकास टोपी हातात धरून उभा होता. धाकटी मुलगी बरोबर. साहेबांनी विचारलं, वाट उकरताना कोणी पाहिलं? बाइके म्हणाले, "या पोरानं. डोळ्यांनी."

बकास माझ्याकडे वळला. "सांग, भावा. पाहिलंस तेच सांग."

म्हणालो — घोडे.