बायकांची गोळी

३ फेब्रुवारी
साखर चारशे! आणि डॉक्टर माझ्यावरच डाफरतो, जणू मी जिलब्या हाणल्या. त्याच्याच स्टिरॉइडने चढलीय. तोंड सुजून भोपळा झालंय ते वेगळंच.

पोटामागे चिवट जाळं वाढतंय. किडनीतून लघवी उतरणाऱ्या दोन्ही नळ्या आवळतंय. आत स्टेंट घातलेत म्हणून निभावतंय. "स्टिरॉइड हळूहळू उतरवू, गिल्बर्ट. पुढे एक तर ही दुसरी गोळी, नाहीतर पोट उघडून नळ्या सोडवायच्या. पण एवढ्या साखरेत ऑपरेशन नको." गोळी कसली — छातीच्या कॅन्सरला बायकांना देतात ती! या जाळ्यावरही चालते म्हणे. चिठ्ठी तिथेच टेबलावर टाकून आलो. बायको, बिट्रिस, परत जाऊन घेऊन आली. हिला कोणी सांगितलं होतं?

६ फेब्रुवारी
गोळ्या आणल्या. त्याही कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून, जिथे अख्खं वर्तकनगर आम्हाला ओळखतं. लांब तिकडे डोंबिवलीत दुकानं नाहीत? घेणार नाही म्हटलं. "मर मग," म्हणाली आणि पाण्याचा ग्लास आपटून गेली. बायको आहे की वैरीण!

१० फेब्रुवारी
लघवीत रक्त. तरी गोळी नाही.

१४ फेब्रुवारी
शेजारची हेमा सूप देऊन गेली. जाताना डोळे पुसत होती. म्हणजे गावभर झालं. बिट्रिसला विचारलं, तूच सांगितलंस ना? सूप वाटीत ओतून पुढे सरकवलं. ठीक. मीही बोलणार नाही.

१८ फेब्रुवारी
चर्चच्या बायका रोझरीची प्रार्थना म्हणायला घरात! आजाऱ्याच्या घरी जातात तशा. मला न विचारता! आतल्या खोलीत कडी लावून बसलो. दाराआडून इलेनचा आवाज आला, "प्रभू, आमच्या बिट्रिसला या कॅन्सरातून उठव."

आणि बिट्रिस सगळ्यांबरोबर म्हणाली, "आमेन."

त्या गेल्यावर विचारलं, हे काय गो?

"मेडिकलवाल्याने विचारलं गोळ्या कोणाला. मी म्हणाले, माझ्या. तुझं नाव नाही आलं तर घेशील, वाटलं."

मला एवढा राग आला की जेवलो नाही. कोणाचा, ते कळेना.

२३ फेब्रुवारी, रविवार
चर्चमध्ये मिस्साला फादरनी प्रार्थनेसाठी आजाऱ्यांची नावं वाचली. बिट्रिसचं आलं. मी उभा राहिलो. म्हटलं, "फादर, ती धडधाकट आहे. गोळ्या माझ्या आहेत." ती शर्ट धरून खाली ओढत होती.

घरी येऊन पहिली गोळी घेतली. पाणी तिनेच दिलं. ग्लास आपटला नाही.