शबल आणि अण्णांचा हात

ब्रह्मा घाट, वाराणसी
९ फेब्रुवारी १९९८

प्रिय विशू,

शबल गेला. शबल कोण हे तुला ठाऊक असायचं कारण नाही, कारण गेल्या चार वर्षांत तुला जी पाच-सहा पत्रं लिहिली त्यांत गंगेचं पाणी कितव्या पायरीपर्यंत चढलं आणि कोणाच्या मुंजीत किती पानं उठली, एवढंच मी कळवत आले. शबल आपला कुत्रा. वाचून तू पाकिटावरचा पत्ता पुन्हा तपासशील, पण पत्ता तोच आहे आणि अक्षरही तुझ्या इंदूताईचंच आहे. ज्या घरात दूधवाल्याचा हात भांड्याला लागला तर भांडं विसळून घेत, त्या घरात अण्णांच्या खाटेखाली साडेतीन वर्षं एक कुत्रा झोपत होता. मी त्याच्याबद्दल लिहिलं नाही, कारण त्याच्याबद्दल लिहायला घेतलं की मला त्या कार्डाबद्दलही लिहावं लागलं असतं. 'अण्णांची इच्छा नाही, तुम्ही कोणी येऊ नये,' असं मी तुला कळवलं होतं ते कार्ड. त्यानंतर तू आला नाहीस, आणि तुला दोष द्यायला मला तोंड नाही. आज दोन्ही लिहिणार आहे. मात्र आधी शबल, कारण दुसऱ्या गोष्टीला लागणारं धैर्य मी अजून गोळा करते आहे.

तू अण्णांना शेवटचं पाहिलंस ते इस्पितळात. तेव्हा त्यांना शुद्ध नव्हती, आणि रजा संपली म्हणून चौथ्या दिवशी तू जबलपूरला परत गेलास. पुढे शुद्ध आली, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. चाळीस वर्षं ज्यांनी मुलांकडून यजुर्वेद घोकून घेतला, ज्यांचा आवाज खालच्या पायऱ्यांवर नावाडीसुद्धा ओळखत, त्यांच्या तोंडून पाणी मागण्यापुरताही शब्द फुटेना. मान हलवायचे, पण डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की मानेवर विसंबू नका, यांच्या हो-नाहीची गल्लत होते. तसं होतही असे. दूध हवं का विचारलं की नकाराची मान हलवायचे आणि पेला रिकामा करायचे. शिष्य एकेक करून दुसऱ्या पाठशाळांत गेले. राहिला फक्त ढुंढिराज. तुझ्या वेळी तो संहितेत अडखळायचा आणि तू त्याला चिडवायचास. आता तिशी उलटली तरी इथेच आहे, घरची पूजा आणि दुपारचा वैश्वदेव तोच करतो. अडखळतो अजूनही, पण तो नसता तर मी वेडी झाले असते.

तर वैश्वदेव झाला की कुत्र्याचा घास दाराबाहेर ठेवायचा, हे अण्णांनी एक दिवसही चुकवलं नव्हतं. तो घास खायला एक ठिपक्याठिपक्यांचा, कान फाटलेला कुत्रा रोज दुपारी चबुतऱ्यावर येऊन बसे. यमाच्या ज्या दोन कुत्र्यांच्या नावाने तो घास ठेवतात त्यांतला एक श्याम आणि दुसरा शबल, म्हणून ढुंढिराजने याला शबल म्हणायला सुरुवात केली. नाव त्याने दिलं आणि त्याच्या अंगावर सर्वांत जास्त पाणीही त्यानेच फेकलं, कारण अण्णा खाटेला खिळल्यापासून शबल घास खाऊन जायचं सोडून उंबऱ्यावर पुढचे पाय टेकून आत बघत बसायचा. खाट बाहेरच्या खोलीत, दारासमोर. शिवाशिव नको म्हणून आमचा तांब्या भरूनच ठेवलेला असे.

त्याच सुमारास अण्णांचा उजवा हात थोडा हलू लागला. मनगटातून उचलायचा, हवेत जरा थरथरायचा, आडवा जायचा आणि पडायचा. आपल्या पाठात तोंडाने म्हणायचं आणि त्याबरोबर हाताने स्वर दाखवायचा, वर, खाली, आडवा, हे तुला मी काय सांगू? आम्हा सगळ्यांना वाटलं, अण्णा मनातल्या मनात पाठ म्हणताहेत. ढुंढिराजच्या डोळ्यांत पाणी आलं. तो हाताकडे बघून अध्याय ओळखायचा प्रयत्न करी आणि एकदा तर त्याने ओळखलासुद्धा. गल्लीत बातमी पसरली. शेजारची सुरेखाकाकी फुलं घेऊन आली. भाजीवाली दारातूनच हात जोडून गलका करणाऱ्यांना दटावायची, 'गुरुजी भीतरे-भीतर पाठ करत हउवन, हल्ला मत करा लोगन.' आम्हीही घरात कुजबुजत बोलू लागलो. आणि नेमका हात उचलला की शबल उंबरा ओलांडून आत घुसायचा. पाठात विघ्न नको म्हणून आम्ही त्याच्यावर पाणी टाकायचो. वर्षभर हे असंच चाललं. आज आठवलं की हसू येतं आणि हसल्याची लाजही वाटते.

चौऱ्याण्णवच्या ज्येष्ठात ढुंढिराज एका यज्ञाला विंध्याचलला गेला होता. मी सोवळ्यात, ओल्या लुगड्याने नैवेद्याचा स्वयंपाक करत होते. हात पुरणात. अण्णांचा हात उचलला आणि शबल आत आला. त्याला हाकलायचं तर जवळ जावं लागणार, तो अंग झाडणार, एखादा थेंब जरी उडाला तरी पुन्हा आंघोळ आणि सगळा स्वयंपाक पहिल्यापासून. उन्हाचा तडाखा असा की पुन्हा आंघोळीचाच नव्हे, पुन्हा चुलीचाही धीर नव्हता. मी स्वयंपाकघराच्या दारातून नुसती ओरडले. तो काही गेला नाही. खाटेशी गेला आणि अण्णांच्या पडलेल्या तळव्याखाली त्याने नाक घातलं. अण्णांची बोटं हलली. थोड्या वेळाने तो परत उंबऱ्याशी जाऊन बसला. अण्णांनी हात उचलला, आडवा नेला, तो पुन्हा आला. मग पुन्हा. मी सात वेळा मोजलं, विशू. अण्णा हसत होते, तोंड एका बाजूला वाकडं होऊन, आवाज न करता. पाठ नव्हता तो. ते त्याला बोलावत होते. बोटं मिटत नव्हती म्हणून 'ये' असं दिसत नव्हतं, एवढंच. डाव्या हाताने बोलावलं असतं तर आम्हालाही कळलं असतं, पण डाव्या हाताने कोणाला बोलावणं, मग ते कुत्रं का असेना, अण्णांच्या हातून झालं नसतं. माझं पुरण करपलं. ते तसंच खाली उतरवून मी रडत बसले. का रडले, ते सगळं तेव्हा मी स्वतःशीही कबूल केलं नाही.

ढुंढिराज परतल्यावर त्याला सांगितलं तर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचा अध्याय बुडाला होता. पण इस्पितळात व्यायाम शिकवणारे श्रीनिवास म्हणून एक होते, तरुण, शांत, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, कुत्ते को साथ ले आइए. दर मंगळवारी सायकलरिक्षात अण्णा आणि मी, पायाशी शबल. रबरी चेंडू दाबायला सांगितला की अण्णा तोंड फिरवायचे. शबलच्या मानेवरची कातडी मात्र ते तासभर धरायचे, सोडायचे, पुन्हा धरायचे. सहा महिन्यांत बोटं मिटू लागली आणि मग आपला घास आपल्या हाताने तोंडात जाऊ लागला. वाचा आली नाही, ती येणार नाही असंच सांगितलं होतं. तिथल्या नर्सबाईंनी आधी कटकट केली, पुढे मंगळवार आला की स्वतःच विचारू लागल्या, 'आज साहब आयल नाहीं?' कारण साहेब एकेका बाकापाशी जाऊन लोकांच्या मांडीवर हनुवटी टेकायचे. एका नावाड्याची बायको होती, तिचा हात महिनोन्महिने मांडीवर मेल्यासारखा पडलेला. तिने त्याच हाताने त्याच्या कानामागे खाजवलं, तेव्हा तिचा नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शबलला कोणी काही शिकवलेलं नव्हतं. कोणाला घाई नाही हे त्याला समजायचं, इतकंच मला वाटतं.

एकदा नाव झालं म्हणजे काय होतं ते तू जाणतोसच. गल्लीत कुठे स्कूटरखाली पाय गेलेलं पिल्लू सापडलं की 'गुरुजी के यहाँ रख दो.' सध्या घरात तिघं आहेत. एक तांबूस आणि तीन पायांची, ती सर्वांत जोरात पळते. एक एकाक्षी, हे नाव अर्थात ढुंढिराजने दिलेलं, ती फक्त त्याच्याच पंच्यावर झोपते. आणि एक म्हातारा, त्याला कोणी तरी पोत्यात घालून पायऱ्यांवर सोडलं होतं. तो अजून पोतं दिसलं की थरथरतो, म्हणून तांदूळ आता आम्ही डब्यात आणतो. माझ्या एकाही लुगड्याचा काठ शाबूत राहिलेला नाही. ढुंढिराज पौषातल्या थंडीत दिवसातून चार वेळा आंघोळ करायचा. मग तीनवर आला, मग दोनवर. गेल्या वर्षापासून तो म्हणतो, काळभैरवाचं वाहन आहे, विटाळ कसला. शास्त्र त्याने शोधून काढलं की बनवलं, मी विचारलं नाही.

संक्रांतीनंतर शबलने खाणं सोडलं. वय झालं होतं. गुरुवारी सकाळी अण्णांच्या पायाशीच गेला. अण्णांनी पुष्कळ वेळ त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मग स्वतःच काढून घेतला. ढुंढिराजने त्याला आपल्या धुतलेल्या उपरण्यात गुंडाळलं, स्वतः उचलून नावेत नेलं आणि पलीकडच्या वाळूत पुरलं. आल्यावर आंघोळ केली आणि जेवला नाही. तेव्हापासून कालपर्यंत अण्णांनी बोलावायला म्हणून हात उचलला नव्हता. बाकीची तिघं खाटेभोवती घुटमळतात, ते त्यांच्याकडे पाहतात, पण बोलावत नाहीत. डॉक्टरांना विशेष काही दिसत नाही. मला दिसतं. ते आवरतं घेताहेत.

आता ते कार्ड. त्र्याण्णवच्या दिवाळीत तुझं पत्र आलं होतं, बकुळला आणि ऋताला घेऊन शिवरात्रीला येऊ का, अण्णांना विचारून कळव. बकुळ आपल्या जातीची नाही, म्हणून अण्णा स्वतःच्या मुलाच्या लग्नाला आले नव्हते. पण येऊ नका असंही ते कधी म्हणाले नव्हते, हे तुला आणि मला दोघांनाही माहीत होतं. मी पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी उजवा हात उचलला, आडवा नेला आणि तो पडला. मी म्हटलं, झिडकारलं. इतर वेळी तोच हात वेदपाठ होता आणि त्या दिवशी तोच नकार झाला, कारण मला नकारच हवा होता, विशू. तू निघून गेलास, संसार थाटलास, आणि मी इथे भांडी घासत, अण्णांची कूस बदलवत राहिले. तू मुलीला कडेवर घेऊन येशील, त्यांच्या डोळ्यांत तुझ्यासाठी पाणी येईल आणि मी चहा करत असेन, हे मला सोसणार नव्हतं. त्याच संध्याकाळी कार्ड टाकलं. पुढे ज्येष्ठातल्या त्या दुपारी खरं काय ते मला कळलं, आणि तरी मी पावणेचार वर्षं गप्प राहिले. काल मी तुझं ते पत्र पेटीतून काढलं आणि अण्णांना पुन्हा वाचून दाखवलं, सगळं, ऋताला दोन दात आले आहेत इथपर्यंत. त्यांनी हात उचलला. या वेळी बोटंही मिटली. ऋता आता पाच वर्षांची असेल हे मला त्यांना सांगवलं नाही. तुम्ही तिघंही या, आणि लवकर या. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका, मी स्वयंपाकघरात राहीन. यायचं नसेल तर तसं अण्णांनाच लिही. पत्र त्यांना ढुंढिराज वाचून दाखवेल. मी वाचणार नाही.

तुझीच, क्षमा मागायचा हक्क आहे की नाही हे ठाऊक नसलेली,
इंदूताई